शेवग्याची पानं आणि टाकीतलं लोखंड

आमच्या मोहल्ल्यात दरवर्षी ईद-ए-मिलादच्या सुमारास गुणवंत मुलामुलींचा सत्कार होतो. दहावी-बारावीत चांगले गुण मिळवलेली मुलं, हाफिज झालेला एखादा मुलगा, सरकारी नोकरीला लागलेली एखादी मुलगी, अशांना शाल, गुलाबाचं फूल आणि भिंतीवरचं घड्याळ देतात. तीन वर्षांपूर्वी त्या यादीत माझं नाव होतं. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि एका परिषदेत माझ्या पोस्टरला बक्षीस मिळालं होतं. माईकवर असलेल्या चाचांनी जाहीर केलं, "आपली ही बेटी शेवग्याच्या पानांपासून पेट्रोल बनवतेय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अम्मी बायकांच्या बाजूला बसली होती, तिने पदराने डोळे पुसले. अब्बा सर्वांत मागे उभे होते. ते कधी पुढे बसत नाहीत, हाताचे डाग दिसतात म्हणून.

मी पेट्रोल बनवत नव्हते. पण स्टेजवर उभं राहून सत्कार करणाऱ्याची चूक कशी काढायची? शाल घेतली, हसले, खाली उतरले. पुढे जे झालं ते सांगायचं तर आधी मी खरोखर काय करत होते ते सांगायला हवं.

पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात, हे शाळेत सगळे शिकलो. विजेने पाणी फोडता येतं हेही नवीन नाही. इ. स. १८०० मध्ये लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी ते करून दाखवलं, म्हणजे बॅटरीचा शोध लागला त्याच वर्षी. मग आज त्यात संशोधन करण्यासारखं काय उरलं? उरलं ते विजेचं बिल. एक किलो हायड्रोजनसाठी पाणी हिशेबाने नऊ लिटरच लागतं, पण वीज लागते पन्नास युनिटांच्या वर. म्हणून आजवर कारखान्यांनी हा मार्ग टाळला आणि नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढला. तो स्वस्त पडतो, पण एका किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या कोल्हापूरच्या उसाला जो युरिया घालतात, त्याच्यामागे हाच हायड्रोजन आहे. तेलशुद्धीकरणालाही तोच लागतो. सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेवर पाणी फोडून काढला तर त्याला हरित हायड्रोजन म्हणतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी १९,७४४ कोटींचं मिशन मंजूर केलं आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं. आपल्या देशाला हे अगदीच अनोळखी नाही. साठच्या दशकात पंजाबातल्या नांगलला भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडूनच खताचा हायड्रोजन काढत होते.

आता माझा भाग. पाणी फोडायला हिशेबाने १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात तेवढ्यावर काहीही हलत नाही, १.८ ते २ व्होल्टपर्यंत जावं लागतं. कोल्हापूरच्या माणसाला मी असं सांगते: पन्हाळ्याला जायचं तर चढण आहेच, ती कुणाला चुकत नाही. पण तुम्हाला कोणी आधी जोतिबाचा डोंगर चढवला, उतरवला आणि मग पन्हाळ्याला नेलं, तर दम फुकट गेला. उत्प्रेरक तो फुकटचा डोंगर लहान करतो. पन्हाळ्याची उंची तो कमी करत नाही. हा फुकटचा डोंगर ऑक्सिजनच्या बाजूला जास्त मोठा असतो. हायड्रोजनला दोन इलेक्ट्रॉनांत भागतं, ऑक्सिजनला चार लागतात आणि वर दोन ऑक्सिजन अणूंची गाठ बांधावी लागते.

हा डोंगर फोडणारे पदार्थ आहेत, पण परवडत नाहीत. आम्लाच्या पद्धतीत इरिडियम लागतं, आणि ते जगभरात वर्षाला आठ टनांच्या आसपासच निघतं. तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणीतलं जोड उत्पादन म्हणून. क्षाराच्या पद्धतीत मात्र निकेल चालतं. माझा विषय निकेल. आता यात योगायोग म्हणा किंवा अल्लाहची मर्जी म्हणा, माझं सगळं लहानपण निकेलवर गेलं आहे.

अब्बा उद्यमनगरात प्लेटिंगच्या कामावर. तीस वर्षं झाली. सायकलचे हँडल, नळ, मोटारसायकलचे भाग, सगळ्यांवर निकेल चढवायचं. हिरव्यागार पाण्याची टाकी, त्यात निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिड, बाजूला रेक्टिफायर गुणगुणतोय. शाळा सुटल्यावर डबा पोहोचवायला जायचे तेव्हा मी त्या टाकीत वाकून बघत बसे. टांगलेल्या जॉबवर बारीक बुडबुडे चिकटलेले असायचे. "हात लावू नको," अब्बा म्हणायचे, "हा हायड्रोजन. हा चिकटून बसला की निकेलला खड्डे पडतात." म्हणजे जो वायू अब्बांनी आयुष्यभर झटकून टाकला, तोच मी गोळा करायला निघाले होते. निकेलने त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत कायमची खाज दिली आहे. रात्री अम्मी मलम लावते. पीएच.डी.चा विषय ठरला तेव्हा अम्मीने पहिलं विचारलं होतं, "हातमोजे देतात ना गं तिथे?"

तर शेवगा. निकेल हायड्रॉक्साइड बनवताना वनस्पतींच्या पानांचा अर्क घालायची आपल्याकडच्या प्रयोगशाळांत मोठी हौस आहे. अर्काने कणांचा आकार बदलतो, आणि शीर्षकात झाडाचं नाव आलं की पेपर गोडही वाटतो. आमच्या परसात शेवगा होता. अम्मी पानं खुडून, धुऊन, फडक्यात बांधून द्यायची. त्या अर्कात बनवलेलं निकेल हायड्रॉक्साइड सूक्ष्मदर्शकाखाली पाकळ्यांसारखं दिसायचं. निकेलच्या जाळीदार फोमवर ते बसवलं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवलं आणि वीज लावली. पहिल्या दिवशी ३७० मिलिव्होल्टचा फुकटचा डोंगर होता. आठव्या दिवशी २९० उरला.

ऐंशी मिलिव्होल्ट ऐकायला काहीच नाही. पण हिशेब करून पाहा. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे २६,६०० अँपिअर-तास लागतात, म्हणजे ऐंशी मिलिव्होल्टमागे किलोला दोन युनिटांहून थोडी जास्त वीज वाचते. लाखो टनांचा विचार केला की झोप उडते. माझी उडाली होती. उत्प्रेरक वापरात झिजतो, माझा वापरात सुधारत होता. सरांनी पेपर लिहायला सांगितलं. मी लिहिलं की शेवग्याच्या अर्कामुळे पाकळ्या बनतात, पाकळ्यांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि म्हणून काम सुधारतं. पोस्टर, बक्षीस, मोहल्ल्यातला सत्कार, सगळं त्याच वाक्यावर उभं होतं. पेपर एका नियतकालिकाकडे गेला, परीक्षकांनी किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या. म्हणजे जवळजवळ स्वीकारलाच होता. फेलोशिपचे पाच महिने उरले होते. धाकट्या भावाच्या डिप्लोमाची फी माझ्या फेलोशिपमधून जात होती आणि येणारं प्रत्येक स्थळ एकच विचारत होतं की पीएच.डी. कधी संपणार.

रमजान सुरू झाला. एका संध्याकाळी इफ्तार उरकून अब्बा चहा घेत बसले होते. मी दुरुस्त्यांसाठी आलेख पसरून बसले होते. अब्बांना आलेख वाचता येत नाही, पण रेषा खाली जातेय हे दिसतं.

"हे काय, रोज कमी होतंय?"

"हो अब्बा. रोज थोडं सुधारतंय."

"तू रोज काही घालतेस का त्यात?"

"नाही. नुसतं चालू ठेवते."

त्यांनी कप खाली ठेवला. "बेटा, टाकी आपोआप सुधारत नसते. आपोआप बिघडते. काही न घालता फरक पडत असेल तर काहीतरी पडलंय त्यात. आमच्यात पहिलं लोखंड बघतात."

प्लेटिंगच्या टाकीत एखादा स्क्रू, एखादं वायसर पडलं की लोखंड विरघळतं, निकेल खरखरीत येतं, ठिसूळ होतं. म्हणून अब्बा रोज काम संपल्यावर दोरीला बांधलेलं चुंबक टाकीच्या तळातून फिरवतात. तरीही बिघाड झाला तर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, आम्लता कमी करून लोखंड गाळात बसवतात आणि पाणी गाळून घेतात. अब्बांना वाटलं माझ्याकडेही तसंच असेल. मी हसून म्हटलं, "अब्बा, आमच्याकडे स्क्रू पडत नाही. आणि लोखंडाने बिघडतं, इथे तर सुधारतंय."

हसले खरी, पण झोपताना एक गोष्ट टोचायला लागली. निकेलच्या आलेखात एक लहानसं शिखर असतं, निकेल स्वतःची अवस्था बदलतं तिथे. माझ्या आलेखात ते शिखर रोज थोडं उजवीकडे सरकत होतं. मी ते पाहिलं होतं आणि पेपरात त्यावर एक अर्धवट वाक्य लिहून सोडून दिलं होतं. आणि ऑरेगन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१४ सालचा पेपर, जो माझ्या विषयातले सगळे संदर्भ म्हणून देतात, तो मीही प्रस्तावनेत दिला होता. आता लिहायला लाज वाटते, पण तो मी पूर्ण वाचलेला नव्हता. सहरीला उठले आणि सकाळपर्यंत तोच वाचला.

त्यात सगळं होतं. बाजारात मिळणाऱ्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये लोखंडाचा अंश असतोच, दशलक्ष भागांत एखाददुसरा भाग, द्रावणात तर त्याहूनही कमी. निकेल हायड्रॉक्साइडला लोखंडाची भारी ओढ. द्रावण चालू ठेवलं की ते लोखंड खेचून घेतं, आपल्या थरांत बसवतं, आणि त्याचं काम कित्येक पटींनी सुधारतं. शिखर उजवीकडे सरकणं ही त्याची खूण. लोखंड पूर्ण काढून टाकलं की निव्वळ निकेल हा अगदी सामान्य उत्प्रेरक ठरतो. डेनिस कॉरिगन यांनी तर हे १९८७ सालीच लिहून ठेवलं होतं. बॅटरीवाल्यांना त्याचा त्रास होता, कारण निकेलच्या बॅटरीत लोखंड शिरलं की नको तिथे ऑक्सिजन सुटतो. त्यांचा शत्रू तोच आमचा कामगार. निकेलच्या जाळीत बसलेलं लोखंड नेमकं काय करतं, काम लोखंडावर होतं की शेजारच्या निकेलवर, यावर आजही वाद चालू आहे.

आता तपासायचं तर दोन गोष्टी करायला हव्या होत्या. एक, शेवगा न घातलेला साधा नमुना तितकेच दिवस चालवायचा. माझी खरी चूक इथे होती. साधा नमुना मी फक्त एक दिवस चालवला होता आणि शेवग्याच्या आठव्या दिवसाशी त्याची तुलना केली होती. हे मुद्दाम नव्हतं केलं. यंत्र एकच होतं आणि नंबर लावणारे नऊ, म्हणून 'साधा काय बघायचा' असं झालं. पण पेपरात ती तुलना जशी दिसत होती तशी ती नव्हती. दुसरी गोष्ट, द्रावणातून लोखंड काढायचं. त्याची युक्ती गमतीची आहे. अतिशय शुद्ध निकेल नायट्रेटपासून ताजं निकेल हायड्रॉक्साइड करायचं, धुवायचं आणि द्रावणात हलवून काही तास ठेवायचं. त्याला लोखंडाची ओढ असतेच, ते सगळं लोखंड धरून बसतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं निवळ द्रावण घ्यायचं. काचेला स्पर्शही होऊ द्यायचा नाही, कारण क्षार काच कुरतडतो आणि काचेतली घाण द्रावणात येते. सगळं प्लास्टिकच्या बाटल्यांत. सगळं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की अब्बांचं चुंबक आणि ही युक्ती, काम एकच.

रमजानचे शेवटचे दहा दिवस होते. यंत्रावर मला रात्रीचा नंबर मिळाला. तरावीह उरकून अब्बा स्कूटरवर मला न्यायला यायचे आणि वॉचमनच्या शेजारी बाकावर बसून राहायचे. माझ्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण, ती सोलापूरची, इफ्तारच्या वेळी न चुकता खजूर आणि पाण्याची बाटली आणून ठेवायची आणि मी मोजमाप सोडून उठेपर्यंत तिथून हलायची नाही.

चौथ्या रात्री उत्तर आलं. साधा नमुना, शेवग्याशिवाय, नेहमीच्या द्रावणात, आठवड्याभरात शेवग्याइतकाच खाली आला होता. आणि शुद्ध केलेल्या द्रावणात दोन्ही नमुने साडेचारशे मिलिव्होल्टच्या वर अडकून बसले होते. पाकळ्या होत्या, सुंदर होत्या, काही करत नव्हत्या. माझा वर्षाचा शोध म्हणजे स्वस्त बाटलीतली घाण होती.

बाहेर आले. अब्बांनी चेहरा पाहिला आणि काही न विचारता स्कूटरला किक मारली. राजारामपुरीच्या चढावर मी मागून सांगितलं, "अब्बा, लोखंडच होतं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. घराजवळ आल्यावर म्हणाले, "मग जॉब सोलावा लागेल."

प्लेटिंगमध्ये काम बिघडलं तर चढवलेलं निकेल ॲसिडात उतरवावं लागतं, नळ पुन्हा उघडा करावा लागतो, पुन्हा घासून, पॉलिश करून टाकीत घालावा लागतो. दुप्पट मेहनत आणि मजुरी एकदाचीच. अब्बांनी मला तेव्हा एक जुनी गोष्ट सांगितली. नळांचा एक मोठा लॉट होता, खाली नीट साफ न करताच निकेल चढलं होतं. दिसायला आरशासारखं. सहा महिन्यांत पापुद्रे सुटले असते, पण तोवर बिल वसूल झालं असतं. मालक म्हणाला पाठवा. अब्बांनी रात्रपाळी करून सगळा लॉट सोलला आणि त्या महिन्यात त्यांचा पगार कापला गेला. मला आठवतं, त्या ईदला आम्हाला नवे कपडे नव्हते. कारण मात्र मला त्या रात्री कळलं.

तरीही मी दोन दिवस गप्प राहिले. ते दोन दिवस मी लपवणार नाही. प्रयोगशाळेतल्या एका सीनियरने सांगितलं, "परीक्षकाने विचारलंय का? नाही ना? मग तू कशाला उकरतेस? निम्मं जग तेच द्रावण वापरतं." त्यात खोटं काहीच नव्हतं. दुरुस्त्या करून पेपर पाठवला असता तर तो छापून आला असता, फेलोशिपच्या आत पीएच.डी. झाली असती, फी भरली गेली असती. आणि माझ्या पेपरातली आकडेवारीही खोटी नव्हती, २९० हे २९०च होते. फक्त श्रेय चुकीच्या माणसाला जात होतं, म्हणजे शेवग्याला आणि मला. पण कोणी तरी माझा पेपर वाचून शेवग्याच्या अर्कावर आपली तीन वर्षं घालवेल, हे डोळ्यांपुढून जाईना. फेलोशिप लोकांच्या पैशातून येते, ती अमानत आहे, हे मी धाकट्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की आता स्वतःच्याच तोंडचं वाक्य अंगावर आलं.

तिसऱ्या दिवशी सरांकडे गेले. सर आलेख पाहत राहिले. मग म्हणाले, "हे आधी मी विचारायला हवं होतं." त्याच दुपारी आम्ही पेपर मागे घेतला. परिषदेवाल्यांनाही पत्र लिहिलं. त्यांनी कळवलं की प्रमाणपत्र ठेवा. ते कपाटात आहे, भिंतीवर नाही. चाचांनाही सांगायला गेले. ते म्हणाले, "अगं, लोकांना काय कळतंय त्यातलं! तू शिकलीस हेच आम्हाला खूप." त्यांचा हेतू चांगला होता. पण मला वाटतं, मुली शिकल्या याचं कौतुक करताना काय शिकल्या हे विचारायचं आपण विसरतो. जाबिर बिन हय्यानचं नाव भाषणात घेतलं की रसायनशास्त्राशी आपला हिशेब चुकता झाला, असं थोडं आपलं झालं आहे. असो.

फेलोशिप संपली. भावाने एक वर्ष पार्टटाइम काम करून फी भरली आणि मला कधी ऐकवलं नाही. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले आणि उरलेल्या वेळात प्रयोग चालू ठेवले. आता लोखंड चोरून येऊ द्यायचं नव्हतं, मोजून घालायचं होतं. शुद्ध द्रावण घ्यायचं आणि त्यात ठरलेलं लोखंड टाकायचं, किती टाकलं की किती फरक पडतो ते पाहायचं. यातही एक पेच निघाला. निकेलमध्ये बसवलेलं लोखंड लोखंडविरहित द्रावणात हळूहळू बाहेर पडतं आणि काम मंदावतं. द्रावणात चिमूटभर लोखंड असेल तर जितकं जातं तितकं परत येऊन बसतं. म्हणजे ज्या घाणीने मला फसवलं, ती पूर्ण काढूनही चालत नाही. तिचं माप माहीत असलं पाहिजे. सौर वीज तर ढग आला की जाते, पुन्हा येते. त्या चालू-बंद होण्याने इलेक्ट्रोड किती झिजतो, हे मी आता पाहतेय. कारखान्यात तो वर्षानुवर्षं टिकायला हवा. माझा सर्वांत चांगला नमुना पाचशे तास टिकला आहे. म्हणजे एकवीस दिवस.

प्रबंध दीड वर्ष उशिरा सादर झाला. त्यात शेवग्याचं प्रकरण आहे, पूर्ण, चुकीच्या तुलनेसह. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्याच प्रकरणावर प्रश्न विचारले.

गेल्या वर्षी मोहल्ल्यातल्या मुलींसमोर बोलायला मला बोलावलं. भाषण नको म्हटलं. नऊ व्होल्टची बॅटरी नेली, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली नेल्या आणि एका ग्लासात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा घातला. मीठ घालू नका, त्याने क्लोरीन सुटतो. वायर जोडल्या की दोन्ही शिसांवरून बुडबुडे निघायला लागतात, एका बाजूला दुसरीपेक्षा जास्त. जास्त तो हायड्रोजन. मुली वाकून बघत होत्या, मी टाकीत बघायचे तशा. एका आजींनी विचारलं, "असं पाणी फोडून फोडून संपवाल का गं?" पाणी जपायचं, वाहत्या नदीकाठी बसलो तरी वुजूला जास्त वापरायचं नाही, हे ऐकत वाढलेल्या बाईचा तो अगदी रास्त प्रश्न होता. मी सांगितलं की हायड्रोजन जाळला की तेवढंच पाणी परत होतं. मात्र जिथे प्यायलाच पाणी नाही तिथे असा कारखाना घालू नये, हे मीही मानते. मग मी त्यांना शेवग्याची गोष्ट सांगितली. नववीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे दीदी, शेवगा नापास?" सगळ्या हसल्या.

अब्बा एकदाच प्रयोगशाळेत आले, प्रबंध सादर झाल्यावर. त्यांनी निकेलचा फोम बोटांत धरून पाहिला, प्लास्टिकच्या बाटल्या पाहिल्या. त्यावर मी लाल अक्षरांत 'लोखंड काढलेले' असं लिहून ठेवलं आहे, म्हणजे नवीन मुलं चुकून काचेत ओतणार नाहीत. इलेक्ट्रोडवरून सुटणाऱ्या बुडबुड्यांकडे ते खूप वेळ पाहत होते. मग खिशातून हात काढून विचारलं, "आणि आम्ही टाकीतून सोडतो तो सगळा वायाच जातो का गं?" मी म्हटलं, फार थोडा असतो तो, गोळा करणं परवडणार नाही. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

अम्मी अजून फोनवर विचारते, "शेवग्याला नवी पालवी आलीय, पानं पाठवू का?" मी म्हणते, पाठव, पण भाजी करून पाठव, डाळ घालून.